मसुऱ्याची गायरी आणि खतातील ऊब

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव कालावल खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले असून, सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी 1701 मध्ये उभारलेला भरतगड ज्या टेकडीवर आहे, तिच्या पायथ्याशी भाताचे मळे व माडांच्या बागा पसरलेल्या आहेत. टेकड्यांचा कातळ जांभ्याचा आणि उतारांवरील माती तांबडी. तिच्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि नत्र, चुना, पालाश यांसारखी पाण्यात विरघळणारी पोषक द्रव्ये तो दरवर्षी धुऊन नेतो. अशा जमिनीत पीक टिकवायचे तर तिला कुजलेला पालापाचोळा व शेण सतत पुरवावे लागते. त्यामुळे या किनाऱ्यावरील शेतीचा इतिहास बियाण्याइतकाच खताचाही आहे, आणि खताचा इतिहास हा मुख्यतः ते पावसापासून राखण्याचा इतिहास आहे.

या इतिहासाचे केंद्र गायरी हे होते. गोठ्यालगतच्या ज्या खड्ड्यात किंवा ढिगावर शेण आणि केर टाकला जातो, त्याला कोकणात गायरी म्हणतात. देशावर त्यालाच उकिरडा हे नाव आहे. गुरांच्या पायाखाली पातेरा, म्हणजे झाडांखाली गळून पडलेली सुकी पाने, अंथरण्याची रीत होती आणि गोमूत्राने भिजलेला तो पातेरा शेणासह रोज गायरीवर जाई. घरातले मात्र सगळेच तिथे जात नसे. चुलीतील राख भाजीच्या वाफ्यात, मासळी धुतलेले पाणी परड्यातील मिरचीला किंवा माडाच्या आळ्यात, न्हाणीचे सांडपाणी केळी व अळवाला आणि उरलेसुरले अन्न गुरांना अशी वाटणी ठरलेली असे. नारळाची सोडणे व सुकलेली चुडते जळणाला लागत. टाकाऊ म्हणावे असे घरात फारसे काही उरत नसे, आणि हे व्यवस्थापन बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हाती होते, ही गोष्ट शेतीच्या इतिहासलेखनात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

तरीही गायरीला दोष होते. माल रोज पाटी-पाटीने पडत असल्यामुळे एकाच वेळी मोठा ढीग रचला जात नसे, ओल्या शेणामुळे आत हवा खेळत नसे आणि त्यामुळे कुजण्याची क्रिया थंडपणे, महिनोन्महिने चाले. तणांचे बी त्यात जिवंत राहून खताबरोबर शेतात पोहोचे. उघड्या गायरीतून पावसाळ्यात जे काळे पाणी वाहून जाई, त्यातच खताचा सर्वांत मौल्यवान अंश असे. एवढे असूनही वैशाखात शेतात नेलेल्या त्या खतावर भातशेती पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिली, हे त्या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येत नाही.

दुसरी रीत भाजावळीची. भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवायची रोपे, ज्या तुकड्यात करायचा तिथे उन्हाळ्यात शेण पसरून त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत व पातेरा आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर देऊन वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावली जाई, जेणेकरून ती सावकाश धुमसत राहील. उत्तर कोकणात यालाच राब म्हणतात. कवळीसाठी होणारी झाडतोड हा सरकारी वनखाते आणि शेतकरी यांच्यातील वादाचा मोठा विषय बनला आणि ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींवरून मुंबई सरकारने 1885 मध्ये वन आयोग नेमला. मसुरे तेव्हा ज्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, तिथे सरकारी जंगल अगदी थोडे असल्यामुळे हा वाद त्या तीव्रतेने पेटला नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी राबाचा रासायनिक अभ्यास केला. त्यातून राबाचा गुण केवळ राखेत नसून मातीला बसणाऱ्या आचेतही आहे, हे पुढे आले. शेतकऱ्याची समजूत निराधार नव्हती. परंतु या आचेसाठी पानांतील व शेणातील नत्र आणि कुजून माती बनू शकणारा अंश जाळून टाकावा लागत होता, आणि हा सौदा महाग होता.

न जाळता उष्णता मिळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत इंदूरला आकाराला आली. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर 1924 मध्ये सुरू झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, मूत्र शोषलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर विशिष्ट प्रमाणात रचून, ओलावा राखून आणि ढीग ठरावीक अंतराने उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार केले. या ढिगात हवा मिळाल्यामुळे उष्णताप्रिय जिवाणू वेगाने वाढतात, त्यांच्या श्वसनातून निर्माण होणारी उष्णता ढिगातच अडकते आणि तापमान 60 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत चढते. त्यात तणांचे बी व रोगजंतू मरतात. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामावरील इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड व वाड ही दोन्ही नावे लेखक म्हणून आहेत, परंतु जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांचे नाव जपले आणि वाड यांचे मागे पडले. हा अन्याय दूर व्हायला हवा. कोकणाच्या दृष्टीने इंदूर पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग तिचा पावसाळी प्रकार होय: पावसात खड्ड्यांत पाणी तुंबून हवा कोंडते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावेत, असे तिथे स्पष्ट सांगितलेले आहे. इंदूरपेक्षा कितीतरी अधिक पाऊस झेलणाऱ्या मसुऱ्यासारख्या गावात खोल खड्ड्याची शिफारस करणाऱ्यांनी ही सूचना पुन्हा वाचावी.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भिंतीत जागोजाग भोके ठेवलेले विटांचे टाके प्रचारात आणले. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत भोकांतून हवा मिळते, ढीग उलथावा लागत नाही आणि शेण थोडेच लागते; गुरे कमी झालेल्या गावांसाठी ही मोठीच सोय ठरली.

आज विकली जाणारी घरगुती उष्ण खतपेटी ही याच परंपरेतील वस्तू आहे. घराचा कचरा रोज थोडाच असतो आणि लहान ढिगाची ऊब बाहेर निसटते. म्हणून पेटीच्या जाड, उष्णतारोधक भिंती ती धरून ठेवतात, झाकण पाऊस अडवते आणि तळाशी व माथ्याशी ठेवलेल्या मार्गांतून हवा फिरते. म्हणजे मोठ्या ढिगाचे काम भिंतीवर सोपवलेले आहे. ओल्या अन्नाबरोबर कोरडे, हवा धरणारे साहित्य मिसळले नाही तर मात्र पेटी थंड पडून तिला दुर्गंधी सुटते, आणि मासळीच्या टाकाऊ भागांच्या बाबतीत हे लवकर घडते. मसुऱ्यात हे कोरडे साहित्य विकत आणावे लागत नाही. आंबा, काजू व फणसाखाली पडणारा पातेरा आणि सोडणांचा भुसा तिथे मुबलक आहे. तरीही गोठे रिकामे झाल्यापासून पातेऱ्याला मागणी उरली नाही आणि तो बागांतून गोळा करून पेटवून दिला जातो.

म्हणून महागडी पेटी घेण्याआधी प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात: पाऊस सुरू होण्यापूर्वी पातेरा गोळा करून मांगरात कोरडा साठवावा आणि खताच्या ढिगावर झापांचे किंवा पत्र्याचे छप्पर घालावे.