दिसतं, पण तिथं नसतं



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, तरी आमच्या गटातल्या एक ताई उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाईंना अंगणात लहान मुलं दिसतात. तिथं कुणीच नसतं. शेजारीपाजारी म्हणतात, बाहेरचं आहे, उतरवून घ्या." सासूबाईंची नजर काचबिंदूनं गेलेली, पण डोकं शाबूत. आम्ही ताईंना एक जुनी हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

जिनिव्हा शहरात चार्ल्स ल्युलिन नावाचे आजोबा होते. वय नव्वदीच्या घरात, मोतीबिंदूनं नजर अधू झालेली. १७५८ मध्ये दोन नाती भेटायला आल्या, तेव्हा आजोबांना त्यांच्यासोबत झोकदार कपडे घातलेले दोन तरुण दिसले. पाहुणे आणणार हे आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. नाती म्हणाल्या, इथं आमच्याशिवाय कुणी नाही! पुढं त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत राहिल्या. आजोबा घाबरले नाहीत. हे खरं नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांचे नातू चार्ल्स बॉने हे अभ्यासक होते. त्यांनी आजोबांना वेडं ठरवलं नाही, सगळं नीट ऐकून घेतलं आणि १७६० मध्ये पुस्तकात लिहिलं. आज डॉक्टर या त्रासाला बॉने यांचंच नाव देतात.

दोरी पाहून साप वाटला, तर तो भ्रम. काहीच नसताना साप दिसला, तर तो भास. हा फरक फ्रान्सच्या एस्किरोल या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात स्पष्ट मांडला.

मग असं का होतं? आपण पाहतो डोळ्यांनी, पण चित्र तयार होतं मेंदूत. डोळ्यांकडून निरोप येणं कमी झालं की मेंदूचा तो भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली. ज्यांना चेहरे दिसत होते, त्यांच्या मेंदूतला चेहरे ओळखणारा भागच त्या वेळी जागा झालेला आढळला.

प्रत्येक भास असाच असतो, असं मात्र नाही. कडक ताप, दारू अचानक सोडणं, जागरण, काही औषधं, मानसिक आजार, अशी बरीच कारणं असतात. बाळंतिणीला भास होऊ लागले तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या सासूबाईंना आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून हेच सांगितलं. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वर्ष झालं बघ. मला वेडी म्हणतील म्हणून बोलले नाही."

मैत्रिणींनो, आपल्या घरातही कुणी असं गप्प असेल. आधी विचारा, मग ऐका.