चहा जास्त उकळला की पूड जास्त पडली?

एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर गेलात, तर उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या मधे, किंचित उत्तरेला, आकाशाचा एक रिकामा वाटणारा तुकडा दिसेल. तिथे हजाराहून अधिक दीर्घिका दाटीवाटीने नांदत आहेत. हा कोमा दीर्घिकासमूह. त्याचा प्रकाश निघाला सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी. एवढ्या अंतरावरचे तारे सुटे दिसत नाहीत. हाती येतो तो अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र कालवलेला उजेड. त्यावरून ताऱ्यांचे वय सांगायचे कसे?

पहिला धागा मिळाला तो महायुद्धाच्या काळात. वॉल्टर बाडे हे जर्मन नागरिक असल्याने अमेरिकेच्या युद्धकार्यात त्यांना स्थान नव्हते. त्यामुळे माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण त्यांना भरपूर वापरायला मिळाली आणि लॉस एंजेलिसचे दिवेही तेव्हा मंद केलेले. १९४४ साली त्यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे करून दाखवले. ते तांबूस होते, तर बाहेरच्या भुजांतले ठळक तारे निळे. निळे तारे इंधन उधळतात आणि लवकर संपतात. म्हणून निळे ते तरुण, तांबडे ते म्हातारे, असा हिशेब बसला.

पण हा हिशेब अपुरा होता. मूलद्रव्ये ताऱ्यांच्याच पोटात शिजतात, हे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी सविस्तर मांडले. (हॉईल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.) हेलियमहून जड ते सारे खगोलशास्त्रज्ञ ‘धातू’ म्हणतात, अगदी प्राणवायूसुद्धा! अशा धातूंचा भरणा असलेला ताराही तांबूसच दिसतो. चहा गडद झाला तर तो जास्त उकळला की पूड जास्त पडली, हे नुसत्या रंगावरून कसे सांगणार?

१९९२ साली बोवर, ल्यूसी आणि एलिस यांनी कन्या आणि कोमा या समूहांतल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे रंग मोजले. सारख्या तेजाच्या दीर्घिकांचे रंग इतके जुळले, की त्यांतले बहुतेक तारे १० अब्ज वर्षांपूर्वीच जन्मले असावेत, असा निष्कर्ष निघाला. मात्र पुढच्याच वर्षी कोमाच्या नैर्ऋत्य भागातल्या काही दीर्घिकांच्या वर्णपटांत बऱ्याच अलीकडच्या तारेजन्माच्या खुणा सापडल्या. शांत, वृद्ध समजल्या गेलेल्या वस्तीत पाळणा हलला होता!

१९९४ साली गाय वर्दी यांनी हा गुंता आकड्यांत पकडला. वय तिप्पट करा आणि धातू निम्मे करा, रंग जवळजवळ तोच राहतो. सुटका आहे ती वर्णपटात. हायड्रोजनच्या रेषा मुख्यतः वय सांगतात, लोहाच्या रेषा धातू. दोन्ही शेजारी ठेवल्या की चहा किती उकळला आणि पूड किती, हे वेगळे करता येते.

मला सर्वांत मोह पडतो तो मॅग्नेशियमचा. ते अल्पायुषी, अवजड ताऱ्यांच्या स्फोटांतून झटपट बाहेर पडते. लोहाचा मोठा हिस्सा मात्र श्वेतबटूंच्या स्फोटांतून, बराच उशिरा येतो. समूहांतल्या बड्या दीर्घिकांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त आढळते. म्हणजे लोह पुरेसे मिसळण्याआधीच तिथली भट्टी विझली होती. लहान दीर्घिकांत ती पुष्कळ वेळ धुमसत राहिली.