गुरुवार रात्र आणि 'नवा हॉबिट'

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आपल्यापैकी बहुतेकांनी आधी पाहिलं आणि मग (वाचलंच तर) वाचलं. पण ते छापून यायच्या कितीतरी आधी नुसतं कानांनी ऐकलेली मूठभर माणसं होती. त्यांची गोष्ट मला पुस्तकाइतकीच आवडते.

ठिकाण ऑक्सफर्ड. मॉडलिन कॉलेजात सी. एस. लुईस राहायचा त्या खोल्या. वार गुरुवार, वेळ रात्रीची. जमणारी मंडळी स्वतःला 'इंकलिंग्ज' म्हणवत. वर्गणी, अध्यक्ष, इतिवृत्त असली काही भानगड नाही. चहा व्हायचा, पाइप पेटायचे, आणि मग लुईस विचारायचा की आज कोणी वाचायला काही आणलंय का. ऐकायला लुईसचा भाऊ वॉरन, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेला मेजर, डॉक्टर हॅवर्ड, १९३९ मध्ये युद्धामुळे लंडनहून इकडे आलेला चार्ल्स विल्यम्स, अधूनमधून ह्यूगो डायसन. आणि अर्थात टोल्किन.

टोल्किनचं 'द हॉबिट' सप्टेंबर १९३७ मध्ये आलं आणि चांगलं खपलं. प्रकाशकाला पुढचा भाग हवा होता, तो याने डिसेंबरात सुरू केला. डिलिव्हरी झाली १९४९ मध्ये! :-) म्हणजे बारा वर्षं. मध्ये महायुद्ध, प्राध्यापकी, पेपर तपासणं, आणि लेखकाचा स्वभाव. १९४० च्या शेवटी मोरियाच्या खाणीत बालिनच्या थडग्यापाशी गाडी थांबली ती जवळजवळ वर्षभर. (आम्ही पाच जणांनी एकदा दर शनिवारी एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं. मोरियापर्यंत तिघेच उरलो. लेखकही तिथेच अडकला होता हे नंतर कळल्यावर फार बरं वाटलं.)

या वाचनाला वॉरन आपल्या रोजनिशीत 'नवा हॉबिट' म्हणतो. आता गंमत बघा, एवढे विद्वान श्रोते, पण त्यांच्या सूचनांचा उपयोग मर्यादितच. लुईसने पुढे एका पत्रात लिहिलंय की टोल्किनवर टीकेचे दोनच परिणाम होतात: एकतर तो ती अजिबात मनावर घेत नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायला बसतो. म्हणजे चेंज रिक्वेस्ट एका ओळीची असो की पानभर, उत्तर एकतर 'रिजेक्टेड' किंवा अख्खं रीराइट! मग या मंडळींनी नेमकं दिलं काय? माझ्या मते, वाट बघणं. पुढच्या वेळी काय आणतोय हे विचारणारं कोणीतरी असणं. टोल्किननेही पुढे मान्य केलं की लुईसचा सततचा आग्रह नसता तर हे पूर्ण झालं नसतं.

दुसरा श्रोता आणखी लांब होता. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर १९४४ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. फ्रोडो आणि सॅमचा मॉर्डॉरकडचा प्रवास बापाने मुलाला प्रकरणाप्रकरणाने टपालाने पाठवला. तीच प्रकरणं इकडे लुईसलाही वाचून दाखवली जात होती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं, हेही पत्रातून मुलाला कळवलं. मला वाटतं पुस्तकाचा सगळ्यात अस्सल भाग हाच आहे, आणि तो अशा दोनच माणसांसाठी लिहिला गेला.

युद्धानंतर ख्रिस्तोफर परतला, त्यालाही मंडळात घेतलं, आणि मग वाचन बरेचदा तोच करू लागला. कारण साधं होतं: टोल्किन भरभर आणि पुटपुटत बोलायचा, मुलाचं वाचन स्पष्ट होतं.

सगळं असंच चाललं असतं तर छान झालं असतं. पण डायसन! हा गप्पांमधला माणूस, त्याला वाचनापेक्षा वाद घालणं प्रिय. त्याला ही गोष्ट मुळीच आवडेना. नुसती नापसंती सांगून तो थांबला नाही, त्याने नकाराधिकारच वापरायला सुरुवात केली. एप्रिल १९४७ मधली वॉरनची नोंद आहे: वाचन नुकतं सुरू होतंय तोच डायसन आत आला आणि ते बंद करावं लागलं. हजर असलेल्यांत फक्त यालाच आवडत नाही, तेव्हा हा अन्याय आहे, असं वॉरनचं मत. माझंही.

पण मला राग डायसनपेक्षा बाकीच्यांचा येतो. एवढ्या जणांत "तू हवं तर पुढच्या गुरुवारी ये" एवढं म्हणणारा कोणी निघू नये? मित्रमंडळात हे होतं खरं. एकाचा मूड सांभाळायला पाच जण गप्प बसतात आणि त्याला आपण मैत्री म्हणतो. ज्या कंपूने गोष्ट इतकी वर्षं जिवंत ठेवली, त्यानेच ती मध्ये थांबवू दिली.

१९४९ च्या शरद ऋतूत टंकलिखित प्रत पूर्ण झाली आणि लुईसने ती एकट्याने, सलग वाचली. ऑक्टोबरात त्याने टोल्किनला भरभरून पत्र लिहिलं. त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी लुईसच्या खोलीत कोणीच आलं नाही, अशी वॉरनची नोंद आहे. त्यानंतर गुरुवारच्या वाचनाचा उल्लेख त्याच्या रोजनिशीत येत नाही. मंगळवारी सकाळी पबमध्ये भेटणं मात्र पुढेही चालू राहिलं.

छापील पुस्तक यायला आणखी पाच वर्षं गेली. जुलै १९५४ मध्ये पहिला खंड आला. त्याच्या प्रस्तावनेत टोल्किनने इंकलिंग्जना पुस्तक अर्पण केलं आहे, कारण त्यांनी ते आधीच ऐकलंय. आणि इतक्या चिकाटीने ऐकलंय की त्यांच्या पूर्वजांत कोणी हॉबिट असावा अशी शंका येते, असा विनोदही केला आहे. पुढे साठच्या दशकात दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रस्तावना नव्याने लिहिली गेली आणि हा मजकूर गेला. जुनी प्रत कुठे मिळाली तर जरूर बघा. डायसनचा अपवाद त्यात केलेला नाही.