‘केरुस्सो’: पुकारणाऱ्याचें क्रियापद

प्राचीन ग्रीक भाषेंत ‘केरुस्सो’ असें एक क्रियापद आहे. ‘मी जाहीर करतों’ एवढाच त्याचा अर्थ सांगितला, तर त्यांतील मर्म हातीं लागत नाहीं. ‘केरुक्स’ म्हणजे राजाच्या किंवा नगरसभेच्या आज्ञेनें ललकारी देणारा भालदार. त्या नामापासून हें क्रियापद सिद्ध झालें. अथेन्सच्या बोलींत तें ‘केरुत्तो’ होतें. भविष्यकाळीं ‘केरुक्सो’, भूतकाळीं ‘एकेरुक्सा’. आणि जें पुकारलें जातें तें ‘केरुग्मा’. मूळ अंगांतील ककार असा निरनिराळ्या जोडाक्षरांत दडतो. भालदार मात्र प्रत्येक रूपांत उभाच असतो.

होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या दुसऱ्या सर्गांत अगामेम्नन भालदारांना सैन्याची सभा पुकारावयास सांगतो, तेथें हेंच क्रियापद योजिलें आहे. भालदाराचे शब्द त्याचे स्वतःचे नसत. ते धन्याचे असत. म्हणूनच शत्रूच्या गोटांतही तो अवध्य मानला जाई. इराणच्या दरायस राजानें इ. स. पूर्वी ४९१ च्या सुमारास ग्रीक नगरांकडे माती व पाणी मागावयास असेच पुकारे पाठविले. अथेन्सनें त्यांना खड्ड्यांत व स्पार्टानें विहिरींत लोटलें, असें हिरोडोटस सांगतो. पुढें स्पार्टाला शुभशकुन मिळेनासे झाले. तेव्हां स्पर्थियस व बूलिस हे दोघे स्पार्टन त्या पातकाच्या प्रायश्चित्तासाठीं आपण होऊन इराणला मरावयास गेले. दरायसाचा पुत्र झर्क्सीज यानें त्यांना जीवदान दिलें. स्पार्टानें केलेला अधर्म आपण करावयाचा नाहीं, असें त्यानें सांगितलें.

परंतु पुकारणाऱ्याचा धनी जितका थोर, तितकेंच त्या पुकाऱ्याचें बळ. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ नाटकांत क्रेऑन राजा नायिकेच्या मृत भावाला कोणी पुरूं नये, असा ‘केरुग्मा’ काढतो. ती तो मोडते. आणि जाब विचारला जातांच, हें पुकारणारा देवाधिदेव झ्यूस नव्हता, असें उत्तर देते. त्या उत्तरांत क्रियापद हेंच आहे. राजाचा शब्द तिनें राजावरच उलटविला. त्यापायीं तिचा प्राण गेला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत येशूच्या अनुयायांनीं सुवार्ता सांगण्यासाठीं हाच शब्द उचलला. नव्या करारांत तो सुमारें साठ वेळां येतो. ‘उपदेश करणें’ हें त्याचें भाषांतर चालतें खरें. पण उपदेशक स्वतःचें ज्ञान सांगूं शकतो, पुकाऱ्याला तसें करतां येत नाहीं. त्याला आपल्या धन्याचाच निरोप द्यावा लागतो. म्हणून या क्रियापदाचा अर्थ लावतांना काय पुकारलें याच्या आधीं, कोणाच्या नांवानें पुकारलें, हें पाहावें लागतें.