दहापैकी चार

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत कॉलेजात शिकवायचो तेव्हाची एक ट्युटोरियलची वही निघाली, परत द्यायची राहून गेलेली. निबंधाचा विषय 'पावसाळा'. बांद्यात तेरेखोलचं पाणी बाजारात शिरतं हे घरच्या मंडळींना सांगायला नकोच. त्या मुलीने वडिलांच्या दुकानातली भिजलेली पोती, भिंतीवरची चिखलाची रेघ, सगळं लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं की कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत बसणारी माणसं पुराच्या वेळी कुठे असतात? खाली माझी तांबडी शाई: 'विषयांतर. भाषा संयमित हवी.' दहापैकी चार.

ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू कधी त्या पाण्यात उभो रवलंस काय रे?"

तेव्हापासून सर अलेक्झांडर ग्रँट डोक्यातून जात नाही.

मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची. पास झालेले चौघेच. त्यांत एक न्यायमूर्ती रानडे आणि एक आपल्या मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर (हे पुढे १८९३ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, जाता जाता कौतुक!). रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी एका निबंधात मराठेशाही आणि इंग्रजी राज्य यांची तुलना केली, आणि झुकतं माप मराठ्यांना दिलं. ग्रँट आधी तिथे इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक, मग प्राचार्य. त्याने रानड्यांना सुनावलं की जे सरकार तुला शिकवतंय त्याचीच निंदा करू नये. वर शिष्यवृत्ती सहा महिने बंद!

ग्रँट काही अडाणी नव्हता. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा नावाजलेला संपादक. रानड्यांची एक उत्तरपत्रिका त्यानेच नमुना म्हणून एडिंबरोला पाठवली होती, असंही सांगतात. म्हणजे पोरगा लिहितो कसा, हे त्याला पुरतं कळत होतं. शिक्षा लिहिण्याला नव्हतीच, मताला होती. आणि ते त्याने लपवलंही नाही. कारण तोंडावर सांगितलं.

मी मात्र 'विषयांतर' लिहिलं. बांद्याच्या पावसाळ्यात पूर हे विषयांतर? खरं कारण एवढंच की पुढच्या रांगेतल्या त्या माणसांशी माझे बरे संबंध होते. व्याकरणाची चूक शोधायला गेलो तर अख्ख्या निबंधात एकच सापडली, तीही ऱ्हस्व-दीर्घाची.

ग्रँट १८६८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाचा प्रमुख होऊन परत गेला. रानड्यांचं मत काही सहा महिन्यांत बदललं नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं. पुढच्याच जानेवारीत ते गेले.

असो. ती मुलगी आता वडिलांच्याच दुकानात बसते. उद्या वही द्यायला जाणार आहे. चारावर काट मारलीय. शेजारी किती लिहायचे, ते मात्र अजून ठरत नाहीये.