भाग ३८ : स्वस्त कॅबिनेट आणि चाळीस वर्षांपूर्वीची भोकं

ज्यांना बसमध्ये इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. मधले "अं" आणि "म्हणजे बघा" काढलेत, सगळे नाही, थोडे ठेवलेत. बाकी बोललो तसंच आहे.

गेले काही आठवडे तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, पहिला पीसी असेंबल करतोय. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी ठरलं. कॅबिनेटसाठी दोन-अडीच हजारच उरलेत. चालेल का?"

चालेल. पण का चालेल, आणि त्या दोन-अडीच हजारांत कुठली गोष्ट अजिबात चालणार नाही, हे समजायला जरा मागे जावं लागेल. आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे मागे जायला मला निमित्तच हवं असतं!

सुरुवात एका रिकाम्या डब्यापासून करू. जानेवारी १९७५. अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेर ८८०० नावाच्या कॉम्प्युटरचा फोटो झळकला. घरी जोडायच्या कॉम्प्युटरची खरी लाट इथून सुरू झाली असं मानतात. गंमत अशी, की मासिकाकडे पाठवलेलं खरं मशीन वाटेतच हरवलं होतं. मग घाईघाईने एक खोका बनवला, त्याला पुढून बटणं आणि दिवे लावले, आणि त्याचाच फोटो छापला. आत काहीच नव्हतं. म्हणजे ज्या फोटोने हजारो लोकांना कॉम्प्युटर विकत घ्यायला लावला, तो फोटो निव्वळ कॅबिनेटचा होता. आज दुकानात काचेच्या आत लुकलुकणारे पंखे बघून आपण भुलतो ना, ती परंपरा बरीच जुनी आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ॲपल-१ आला आणि त्याने उलटं टोक गाठलं. नुसता सर्किट बोर्ड. डबा तुमचा तुम्ही बघा. लोकांनी सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या, कुणी स्वतःच ठोकल्या. त्या काळात प्रत्येक बोर्डाचा आकार वेगळा, भोकं वेगळी, वीजपुरवठा वेगळा. एकाचा डबा दुसऱ्याला बसणं शक्यच नव्हतं. आणि जोपर्यंत डबा एकाच मशीनला बसतो, तोपर्यंत तो स्वस्त होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी आणला, मॉडेल ५१५०. आयबीएमची ख्याती सगळं घरात बनवणारी कंपनी अशी. पण या वेळी घाई होती, म्हणून त्यांनी बहुतेक भाग बाजारातून उचलले आणि वर सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक पुस्तिका छापून विकायला ठेवली. हेतू असा, की बाहेरच्या लोकांनी त्याला लागणारी कार्डं बनवावीत. लोकांनी कार्डं बनवलीच, आणि वर्षभरात अख्खे पीसीही बनवायला लागले. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स, मग कॉम्पॅक, आणि त्यामागून तैवानचे असंख्य छोटे कारखाने.

नक्कल करणाऱ्याची अडचण काय असते? त्याचा बोर्ड आयबीएमच्या खोक्यात बसला पाहिजे, आणि त्याच्या खोक्यात आयबीएमची कार्डं बसली पाहिजेत. म्हणून त्यांनी चिपच्या जोडीने पत्र्याचीही नक्कल केली. स्क्रूच्या जागा, मागच्या पट्ट्या, सगळं. १९८१ च्या पीसीत दोन कार्डांमध्ये एक इंच अंतर होतं. १९८३ च्या 'एक्सटी'मध्ये पाचाच्या जागी आठ स्लॉट बसवायचे होते म्हणून ते ०.८ इंच केलं. आज तुमचं ग्राफिक्स कार्ड 'टू-स्लॉट' आहे असं लिहिलेलं असतं ना, तो स्लॉट म्हणजे हेच ०.८ इंच. एक्सटी कधीच भंगारात गेला, त्याचं माप तुमच्या टेबलावर आहे.

१९८४ मध्ये 'एटी' आला आणि पुढची दहा वर्षं सगळे त्याच्याच मापाचे, किंवा त्याहून आटोपशीर 'बेबी एटी' मापाचे बोर्ड बनवत राहिले. आडवा डबा उभा झाला, आपल्याकडे त्याला सर्रास 'सीपीयू' म्हणायला लागले. (सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसरची चिप. पण आपल्याकडे डबाच सीपीयू. मी वाद घालणं सोडून दिलंय.)

त्या डब्यांवर एक 'टर्बो' बटण असायचं. मूळ पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्या वेगाच्या हिशोबाने लिहिलेले गेम नव्या मशीनवर सुसाट पळायचे, मग बटण दाबून मशीन हळू करायचं. शेजारी आकडा दाखवणारे छोटे दिवे असत, ६६ किंवा १००. तो आकडा काहीही मोजत नसे. मागे जंपर लावून दुकानदार जो म्हणेल तो आकडा दिसायचा! पुन्हा तेच, पुढून दिवे आणि आत काय ते देव जाणे.

पण एटी डब्यात एक गंभीर गोष्ट होती. पुढचं पॉवर बटण म्हणजे सरळ विजेचा स्विच. घरातला २३० व्होल्टचा करंट मागच्या वीजपुरवठ्यातून जाड केबलने पुढच्या बटणापर्यंत यायचा. चार रंगांच्या वायर, त्या स्विचला कशा लावायच्या याची चिठ्ठी चिकटवलेली. चुकीची लावली तर ठिणगी, आणि हात लागला तर शॉक. बोर्डाला वीज देणारे दोन कनेक्टरही उलटे बसू शकायचे. जोडणाऱ्यांचा मंत्र ठरलेला असे: काळ्या वायर काळ्यांच्या शेजारी. मंत्र विसरला की बोर्ड गेला.

१९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाचा आराखडा जाहीर केला, आणि मला विचाराल तर पीसीच्या इतिहासात कुठल्याही प्रोसेसरइतकंच त्याचं महत्त्व आहे. बोर्ड ९० अंशात फिरवला, त्यामुळे लांब कार्डं प्रोसेसरवर आपटायची थांबली. कीबोर्ड, माऊस, प्रिंटरची तोंडं एकत्र मागे आली. वीजपुरवठ्याचा मुख्य कनेक्टर एकच, आणि तो उलटा बसत नाही. पुढच्या बटणाला फक्त दोन बारीक वायर, त्या बोर्डाला 'चालू हो' एवढंच सांगतात. २३० व्होल्ट पुढून गेले. बोर्डाचं माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकांच्या जागा ठरलेल्या, वीजपुरवठ्याच्या डब्याची रुंदी आणि उंचीही ठरलेली. दोन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ आला, २४४ बाय २४४ चा मायक्रो-एटीएक्स. तुमच्यापैकी बजेटमध्ये पीसी बांधणारे बहुतेक जण हाच घेणार आहात.

हा आराखडा कुणालाही वापरायला खुला होता. म्हणजे आता कुठलाही पत्रा कापणारा कारखाना, आत कुठला प्रोसेसर येणार हे माहीत नसताना, लाखो डबे कापून ठेवू शकत होता. तुमचं अडीच हजारांचं कॅबिनेट इथून आलं.

आणि ते मुंबईत आलं ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घ्यायला कुणी 'भडकमकर मार्गावर' गेल्याचं मी ऐकलेलं नाही. दिल्लीला नेहरू प्लेस, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसं आपलं हे. १९९१ नंतर आयात हळूहळू सैल झाली आणि कंपनीच्या तयार पीसीपेक्षा 'असेंबल्ड' मशीन बरंच स्वस्त पडायला लागलं. कोल्हापूर, नांदेड, जळगावचे दुकानदार रात्रीच्या गाडीने यायचे आणि सुटे भाग घेऊन परत जायचे. गावोगावच्या सायबर कॅफे, टायपिंगची दुकानं, क्लासेस या मालावर उभे राहिले.

पण इथेच एक सवय पडली, जी अजून सुटलेली नाही. कॅबिनेट म्हणजे 'विथ एसएमपीएस'. आपण वीजपुरवठ्याच्या डब्याला एसएमपीएस म्हणतो, आणि तो कॅबिनेटसोबत जणू फुकटच यायचा. फुकट काही नसतं. डबा आणि एसएमपीएस मिळून ठरावीक किमतीत बसवायचे, तर पैसे कुठून वाचवणार? पत्रा दिसतो, रंग दिसतो, दिवे दिसतात. एसएमपीएसच्या आतलं दिसत नाही.

आमच्या काकांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, दाखल्यांचे अर्ज, कधी कुणाचा प्रबंध. मशीन असेंबल्ड, एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला. एका मे महिन्यात फटाक्यासारखा आवाज झाला, जळका वास आला, आणि एसएमपीएस एकटा गेला नाही. बोर्ड नेला, हार्ड डिस्क नेली, आणि डिस्कवर एका मॅडमचा एम.फिल.चा जवळजवळ पूर्ण टाइप झालेला प्रबंध नेला. काकांनी तो पुन्हा टाइप करून दिला, रात्री जागून, पैसे न घेता. वाचले होते एसएमपीएसवरचे काही शे रुपये.

त्यामुळे दुकानात लेबल वाचायला शिका. मोठ्या अक्षरात '४५० वॅट' असतं, ते सोडा. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, तेव्हा तुमच्या कामाचा आकडा हाच. २००० साली पेंटियम ४ सोबत बोर्डावर १२ व्होल्टचा वेगळा चार पिनचा कनेक्टर आला तेव्हापासून हे असं आहे. त्याआधीची मशीनं ५ आणि ३.३ व्होल्टवर जास्त चालायची, आणि स्वस्त एसएमपीएसच्या लेबलवरची बेरीज अजून त्याच जुन्या जमान्यात असते.

पेंटियम ४ चा विषय निघालाच आहे तर अजून एक. जुन्या कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून एक प्लॅस्टिकचं नसराळं असायचं, आठवतंय? तो प्रोसेसर एवढा तापायचा की इंटेलने कॅबिनेटवाल्यांना नियम घालून दिला: प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम नको. म्हणून बाहेरची हवा थेट प्रोसेसरवर आणणारं ते नसराळं. (आपल्याकडे नागपूर-अकोल्याला मे महिन्यात खोलीतली हवाच ३८ च्या वर असते, तो भाग वेगळा.) तेवढ्याने भागेना, म्हणून २००४ च्या सुमारास इंटेलने 'बीटीएक्स' हा नवाच आराखडा आणला, हवेच्या वाटेचा विचार करून. चांगला होता. पण पत्र्याचे साचे आणि बोर्डांचे नकाशे पुन्हा कोण बदलणार? २००६ मध्ये कमी तापणारे प्रोसेसर आले आणि बीटीएक्स गुंडाळला गेला. ज्या कंपनीने भोकं ठरवली, तिलाही ती बदलता आली नाहीत.

मग आज काय बघायचं? हवा. पुढून जाळी हवी. बाजूला काच असली तरी हरकत नाही, पण पुढे सपाट काच आणि कडेला बोटभर फट असेल तर आतले तीन रंगीत पंखे काच चाटत बसतात. जाळीमागे निघणारी गाळणी असेल तर उत्तम, आपल्याकडची धूळ पाहता ती महिन्यातून एकदा धुवावी लागते. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये विचारा, "बसतं हो" हे उत्तर धरू नका. मागच्या स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूच्या आहेत की मोडून काढायच्या, तेही बघा. मोडायच्या असतील तर एकदा मोडलेली पट्टी परत बसत नाही, आणि त्या फटीतून पाल आत गेलेली मी स्वतः पाहिली आहे. कडा बोट फिरवून बघा, जपून. पत्रा पातळ असला तर थोडा थरथरेल, आवाज करेल, पण पीसी मरणार नाही.

आणि अजून एक, फार कुणी सांगत नाही. कुणाच्या घरी पंधरा-वीस वर्षांचं एटीएक्स कॅबिनेट अडगळीत पडलं असेल तर आधी ते उघडा. एसएमपीएस काढून टाका, नवा घ्या. जुन्या सीडी ड्राइव्हच्या जागेतून वायर फिरवता येतात. पुढचे यूएसबी जुने असतील, लांब कार्डाला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येईल, आणि पंखा एखादा स्वतः लावावा लागेल. पण आजचा बोर्ड त्याच भोकांवर बसेल.

नवंच घ्यायचं असेल तर काउंटरवर पहिला प्रश्न हा विचारा: "एसएमपीएसशिवाय कितीला?" जो फरक सांगतील त्यात स्वतःचे पैसे घाला आणि चांगला एसएमपीएस वेगळा घ्या. घरी आल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर कॅबिनेट बदलायला धावू नका, वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

पुढच्या भागात कीबोर्ड. तोवर तुमच्या कॅबिनेटच्या आतले फोटो पाठवा, वायरींचा गुंता झाला असेल तरी.