रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानांचे प्रेषक आकाशक

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान चालविणाऱ्याच्या हातातील प्रेषकास (संदेश पाठविणाऱ्या उपकरणास) जोडलेला व प्रेषकातील विद्युत् प्रवाहाचे रेडिओ तरंगांत रूपांतर करून ते अवकाशात सोडणारा संवाहक म्हणजे प्रेषक आकाशक होय. उडत्या विमानाशी चालकाचा हा एकमेव दुवा असतो. तो तुटल्यास विमान भरकटते वा कोसळते आणि खालील माणसांना इजा होण्याचा संभव असतो. त्यामुळे आकाशकाची निवड हा मुख्यतः सुरक्षिततेचा प्रश्न आहे. एका दिशेस अतिशय प्रबळ संदेश देणाऱ्या आकाशकापेक्षा सर्व दिशांस अखंड संदेश देणारा आकाशक अधिक उपयुक्त असतो, असे या निवडीच्या इतिहासावरून दिसून येते.

इतिहास : निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ-नियंत्रित नौकेचे प्रात्यक्षिक दाखविले. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ हे वैमानिकरहित लक्ष्य विमान वापरात आले. छंद म्हणून या तंत्राचा पाया अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी घातला. त्यांच्या ‘गफ’ या प्रतिकृती विमानाची नियंत्रित उड्डाणे १९३७ मध्ये झाली. पुढे हे विमान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात ठेवण्यात आले. आरंभीचे प्रेषक जड असत. ते जमिनीवर ठेवून त्यांवर उंच आकाशक उभारीत आणि चालक तारेने जोडलेली कळ दाबून संदेश पाठवी.

आकाशकाची लांबी तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असल्यास त्यातून तरंगांचे प्रारण चांगले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत या छंदासाठी २७ मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्या) मिळाल्या. या कंप्रतेस तरंगलांबी सु. ११ मी. व तिचा चतुर्थांश सु. २.७५ मी. होतो. ट्रँझिस्टरमुळे प्रेषक हातात मावू लागला. परंतु एवढा लांब आकाशक हातात धरणे शक्य नव्हते. म्हणून सु. सव्वा ते दीड मी. लांबीचा, नळीत नळी सरकणारा आकाशक घेऊन त्याच्या बुडाशी अथवा मध्यावर तारेचे वेटोळे बसवीत. वेटोळ्यामुळे आकाशक योग्य कंप्रतेस जुळे. मात्र लांबीतील उणीव पूर्णपणे भरून निघत नसे. वेटोळे मध्यावर असल्यास त्याखालील भागात प्रवाह अधिक समान राहून प्रारण सुधारे. प्रेषकाची पेटी व ती धरणाऱ्या चालकाचे शरीर हे आकाशकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे काम करीत. नंतर अमेरिकेत ७२, तर ब्रिटन व यूरोपातील काही देशांत ३५ मेगॅहर्ट्झचे पट्टे रूढ झाले. ७२ मेगॅहर्ट्झला सु. १.०४ मी. लांबी पुरत असल्याने वेटोळ्याची गरज उरली नाही.

दिशा व स्थिती : सरळ आकाशकातून त्याच्या लांबीस काटकोनात सर्वाधिक, तर टोकाच्या दिशेने जवळजवळ शून्य प्रारण होते. नवशिक्या चालकास आकाशकाचे टोक विमानाकडे रोखण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे संदेश सर्वांत क्षीण होतो. आकाशक पूर्ण न उघडता उड्डाण करणे हेही अपघाताचे कारण ठरे. म्हणून उड्डाणापूर्वी आकाशक मुद्दाम मिटवून, विमानापासून काही पावले दूर जाऊन सुकाणू संदेशास बिनचूक प्रतिसाद देते की नाही, हे तपासण्याचा प्रघात पडला. मात्र एकाच कंप्रतेवर दोन प्रेषक चालू झाल्यास उत्तम आकाशकही निरुपयोगी ठरे. तो धोका टाळण्यासाठी आकाशकाला कंप्रतादर्शक रंगीत फीत बांधीत.

सु. २००५ नंतर २.४ गिगॅहर्ट्झचे प्रेषक प्रसृत झाले. त्यांची तरंगलांबी केवळ १२.५ सेंमी. असल्याने बोटाएवढा आकाशक पुरतो. कंप्रतांची विभागणी प्रेषक व ग्राही आपोआप करीत असल्याने परस्परांतील अडथळाही कमी झाला. परंतु हे तरंग चालकाचे शरीर, झाडे व ओलावा यांमुळे अधिक अडतात. म्हणून विमानातील ग्राहीस बहुधा परस्परांशी काटकोनात बसविलेले दोन आकाशक असतात.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथील पथकांनी सुरू झाली. प्रतिकृती विमानविद्या हा या शाखेच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने रेडिओ उपकरण बाळगण्यास परवाना आवश्यक केला होता. २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना त्यातून सूट मिळाली. या नियमात प्रेषकाच्या शक्तीबरोबरच आकाशकाने एका दिशेस केलेली वाढही मोजली जाऊन एकूण मर्यादा ४ वॉट ठेवण्यात आली. म्हणजे केवळ मोठा दिशिक आकाशक जोडूनही मर्यादेचा भंग होऊ शकतो.

निवडीत भूप्रदेशाचाही विचार करावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील भातकुली, दर्यापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत जमीन सपाट असल्याने डोंगरांचा आडोसा येत नाही. तेथे उंचावरील विमानास संदेश सहज पोहोचतो. परंतु ते उभ्या तुरीच्या पिकामागे खाली उतरल्यास २.४ गिगॅहर्ट्झचा संदेश क्षीण होतो. अशा वेळी अधिक शक्तीपेक्षा प्रेषक उंच धरणे, आकाशक उभा ठेवणे व मोकळ्या पट्टीवर विमान उतरविणे अधिक उपयोगी पडते.

दिशिक आकाशक तरंग एका अरुंद झोतात एकवटतो. त्यामुळे पल्ला वाढतो. पण विमान चालकाच्या डोक्यावरून मागे गेल्यास ते झोताबाहेर पडते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार प्रतिकृती विमान चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यातच उडवावयाचे असते. तेवढ्या अंतरासाठी साधा, सर्वदिशिक व नीट जुळविलेला आकाशक पुरेसा असतो.